रमजानचे रोजे, शुगर आणि आपलं ऊन : बाबांची तयारी कशी करावी?

सातपुडापायथा | ६ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

सलाम आणि नमस्कार सगळ्यांना.

आम्ही खान्देशातल्या यावल तालुक्यातले तडवी, म्हणजे मुसलमान भिल्ल. घरची जमीन थोडी, म्हणून बाबा तीस वर्षं केळीच्या कापणीच्या टोळीत आहेत. वय ६१. शुगर निघाली त्याला आठ वर्षं झाली. कळायला लागल्यापासून त्यांनी एकही रोजा चुकवलेला नाही. २०१८ आणि २०१९ ला रमजान ऐन मे महिन्यात आला होता. आपल्याकडे तेव्हा पारा ४५ च्या वर. सहेरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) सव्वाचारच्या सुमारास संपायची आणि इफ्तार सातला. तेही त्यांनी घड वाहत काढले. त्यामुळे आमच्या घरात रोज्यांची काळजी कोणी कधी केलीच नाही.

गेल्या वर्षी विसाव्या रोज्याला ते बागेत पडले. त्या दिवशी सहेरीला उशिरा जाग आली. अजान व्हायला दहा मिनिटं उरली होती. त्यांनी चहा आणि दोन टोस्ट खाल्ले, नेहमीची शुगरची गोळी घेतली आणि कामाला गेले. दुपारी चारच्या सुमारास हातपाय थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला. टोळीतल्या पोरांना वाटलं, ऊन लागलं. एकाने पाणी पुढे केलं तर यांनी तोंड फिरवलं. मग ते खाली बसले आणि बोलेनासे झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४८ होती.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पोरी, माझा रोजा गेला." आणि रडले. मी बाबांना रडताना त्याआधी फक्त आजी गेली तेव्हा पाहिलं होतं.

नंतर कळलं, की त्याआधी चार-पाच वेळा असं थरथरणं झालं होतं. ते झाडाखाली पडून राहायचे आणि घरी काही सांगायचे नाहीत. सांगितलं तर आम्ही रोजे ठेवू देणार नाही, ही भीती. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. ते आमच्यापासून लपवत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

चंद्र दिसला तर यंदा १९ फेब्रुवारीपासून रोजे सुरू होतील. म्हणजे हातात सहा आठवडे आहेत. "ठेवू नका" म्हटलं तर ते चोरून ठेवतील, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मला मनाई करायची नाही, तयारी करायची आहे. औषधं, जेवण, काम, पाणी, कशाचं काय करायचं? ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

---

भुसावळ ओपीडी | ६ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, सहा आठवडे आधी विचारलंत, याबद्दल तुमचे आभार मानतो. माझ्याकडे बहुतेक लोक रमजानच्या आदल्या दिवशी येतात, नाहीतर तुमच्या बाबांसारखे विसाव्या रोज्याला, स्ट्रेचरवर. मधुमेह आणि रमजान यावर जगभरातल्या डॉक्टरांनी मिळून मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत (२०१६ मध्ये आल्या, २०२१ मध्ये सुधारल्या). त्यातही हेच म्हटलं आहे, की तपासणी सहा ते आठ आठवडे आधी करावी. गोळ्या बदलल्या तर त्या बसायला वेळ लागतो.

बाबा कोणती गोळी घेतात? तुमच्या वर्णनावरून ती ग्लिमेपिराइड जातीची असावी, बहुधा मेटफॉर्मिनसोबत एकत्र. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती पाहत नाही. सकाळी ती घेतली, वर दोन टोस्ट आणि मग दहा तास घड वाहणं. शुगर खाली जाणारच होती. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा एवढी खाली जात नाही. म्हणून रमजानमध्ये बऱ्याचदा ग्लिमेपिराइडचा डोस कमी करतात, इफ्तारवर नेतात किंवा गोळीच बदलतात. हे तुम्ही घरी करू नका. तुमच्या डॉक्टरांकडे जा, "रोजे ठेवणार आहेत" हे स्पष्ट सांगा. लाजू नका, विचारतील याची वाटही पाहू नका. सोबत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) आणि किडनीसाठी क्रिएटिनिन करून घ्या.

अलीकडे डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही पुष्कळांना चालू असतात. त्या लघवीवाटे साखर काढतात, तिच्यासोबत पाणीही जातं. आपल्या हवेत आणि कोरड्या रोज्यात याचा विचार वेगळा करावा लागतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही लघवी वाढवतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डोस ठरवल्याशिवाय पहिला रोजा धरूच नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शुगर मशीन घ्या. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. हे मी मौलानांना विचारून सांगतोय, मनाने नाही. मोजणी सहेरीआधी, अकराच्या सुमारास, दुपारी तीन-चारला, इफ्तारच्या तोंडावर आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. पहिला आठवडा रोज. आणि हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा: ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, की रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारला वीस मिनिटं राहिली असली तरीही. आकडा काहीही असो, थरथर, घाम, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तरीही. कमी झाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, मग काहीतरी खायचं.

---

केळीबाग रावेर | ७ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या बागेत येणाऱ्या टोळीतही निम्मे तडवी भाऊ आहेत. आपला काही रोज्याचा अनुभव नाही, आपली एकादशी साबुदाण्याची. पण मालक म्हणून एक सांगतो.

चार-पाच वर्षांपासून रमजानमध्ये आम्ही कापणीची वेळ बदलली. ते लोक सहेरी आणि नमाज करून जागेच असतात. सहाला कापणी सुरू, दहा-साडेदहाला गाडी भरून मोकळे. पूर्वी गाडी उशिरा यायची, म्हणून टोळी बारापर्यंत ताटकळायची. आता व्यापाऱ्याला आदल्या दिवशीच सांगतो, गाडी पहाटे लागली पाहिजे. दोन-तीनदा भांडण झालं, आता तोही रुळला. यात माझं नुकसान काहीच नाही. सकाळच्या थंडाव्यात कापलेला माल उलट चांगला राहतो.

दुसरं म्हणजे, तुमच्या बाबांनी या महिन्यात घड वाहू नये. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून चालणं हे भरल्या पोटीसुद्धा सोपं नाही. फण्या काढणं, धुणं, वजनकाट्यावर उभं राहणं, ही कामं सावलीतली आहेत. मालकाशी बाबा बोलणार नाहीत, कमीपणा वाटतो. तुम्ही बोला.

---

एरंडोल रोड | ७ जानेवारी, दुपारी १:३०

माफ करा, पण डॉक्टरांनी लोकांना घाबरवू नये. माझी अम्मी ७० वर्षांची आहे, शुगर आहे, दरवर्षी तीसच्या तीस रोजे ठेवते. रमजानमध्ये तिची तब्येत उलट सुधारते. नियत साफ असेल तर अल्लाह ताकद देतो. मशीन लावून रोजा मोजायचा नसतो.

---

भुसावळ ओपीडी | ७ जानेवारी, रात्री १०:५०

भाई, अम्मींना दीर्घायुष्य लाभो. तुमचं म्हणणं खोटं नाही. ज्यांची शुगर आटोक्यात आहे, जे आहारावर किंवा एखाद्या साध्या गोळीवर आहेत, घरात सावलीत आहेत, त्यांचे रोजे नीट पार पडतात. वजन उतरतं, मधलं खाणं बंद होतं, शुगर सुधारतेही. मी स्वतः अशा पुष्कळांना "ठेवा" म्हणतो.

पण त्याच गल्लीत दुसरं कोणी इन्सुलिनवर असतं, कोणाची किडनी खराब असते, कोणाला गेल्या तीन महिन्यांत शुगर कमी होऊन बेशुद्धी आलेली असते. या लोकांना मी हात जोडून "ठेवू नका" म्हणतो. ताईंच्या बाबांना आता दहा महिने झाले, त्यानंतर परत तसं झालं नसेल आणि गोळी बदलली असेल तर मार्ग निघू शकतो. अम्मी आणि बाबा यांच्यातला फरक नियत साफ असण्या-नसण्याचा नाही, गोळीचा आणि उन्हातल्या कामाचा आहे.

---

अजान पारोळा | ७ जानेवारी, रात्री ११:४०

मी मदरशात शिकलो आहे, मुफ्ती नाही. फतवा देत नाही, सगळ्यांना ठाऊक असलेलं तेवढं सांगतो. रोजे फर्ज असल्याचा हुकूम कुरआनात ज्या ठिकाणी आला (सूरह बकरा, आयत १८४ आणि १८५), तिथेच आजारी आणि मुसाफिराला सूट दिली आहे, की त्याने ते दिवस नंतर पुरे करावेत. आणि तिथेच म्हटलं आहे, की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा, अडचण नको. सूट नंतर कोणी पाठीमागून जोडलेली नाही, हुकमाबरोबरच आली.

आजार बरा होण्यासारखा असेल किंवा दुसऱ्या ऋतूत रोजा झेपत असेल, तर कजा. म्हणजे राहिलेला रोजा पुढे कधीही ठेवायचा. कधीच झेपणार नसेल तर फिदिया, एका रोज्याबद्दल एका गरिबाचं जेवण. ताई, बाबांना हे सांगा, की जीवाच्या भीतीने तोडलेल्या रोज्याचा गुन्हा नाही, त्याची फक्त कजा आहे. आणि कजासाठी हिवाळा आहे. डिसेंबरात आपल्याकडे रोजा बारा तासांचा, गारव्याचा, तहान लागत नाही. आमचे उस्ताद स्वतः पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर राहिलेले रोजे डिसेंबरात ठेवायचे.

आणखी एक, घाईत सहेरी टाळणाऱ्यांसाठी. सहेरी करा, सहेरीत बरकत आहे, ही हदीस आपल्या घराघरात माहीत आहे. सहेरी शेवटच्या वेळेकडे न्यावी आणि इफ्तारला उशीर करू नये, हीच सुन्नत. रात्री बाराला पोटभर खाऊन झोपणारे आणि सहेरीला न उठणारे तरुण पुष्कळ झालेत. त्यांचा रोजा तेरा तासांचा राहत नाही, अठरा-साडेअठरा तासांचा होतो.

---

सातपुडापायथा | ८ जानेवारी, रात्री ८:२०

अजान भाई, तुमचा मजकूर मी बाबांना वाचून दाखवला. डॉक्टरांचं ऐकताना ते खाली बघत होते, तुमचं ऐकताना वर बघितलं. "हिवाळ्यात चालतो?" एवढंच विचारलं. आमच्या गावच्या इमामसाहेबांनाही मी भेटले. जुम्याला नमाजनंतर ते सगळ्यांसमोर हे बोलणार आहेत. बाबांसारखे अजून किती जण झाडाखाली पडून राहत असतील, कोण जाणे.

गोळी तीच निघाली डॉक्टरसाहेब, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. सोमवारी दवाखान्यात नेतेय.

आता सहेरीचं सांगा कोणीतरी. आमच्याकडे माय रात्रीची भाजी-पोळी गरम करते, बाबा चहात बुडवून खातात.

---

खापर आणि तवा | ९ जानेवारी, दुपारी ३:१०

सहेरीचं मी सांगते बाई. चाळीसगावला माझं सासर. सात माणसांची सहेरी पंधरा वर्षं करतेय.

चहा-पोळी, टोस्ट, फेणी-दूध, हे सगळं नऊ वाजेपर्यंत पोटातून उतरतं. आमच्या घरी पहिली दहा वर्षं फेणीच होती, आणि दहा वाजता सगळे आडवे. मग सासूबाईंनी (त्या पक्क्या एरंडोलच्या) कळण्याची भाकरी सुरू केली. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ. आपल्या मातीतलं याच्याइतकं धरून ठेवणारं काही नाही. सोबत दही, नाहीतर साधं वरण, एखादं उकडलेलं अंडं. दोन भाकऱ्या खाल्ल्या की दुपारच्या जोहरच्या नमाजपर्यंत भुकेची आठवण येत नाही. कळणा नसेल तर दादर ज्वारीची भाकरी. मैद्याचा पाव, नान सहेरीला अजिबात नको.

कळण्याच्या भाकरीवर आपला हात आपोआप ठेच्याकडे जातो. सहेरीला ठेचा नको. लोणचं नको, पापड नको, तळलेले बिबडे नको. मीठ-तिखट जितकं जास्त तितकी बाराला तहान. आमचा धाकटा दीर हट्टाने खायचा आणि दुपारी ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसायचा. भरीत इफ्तारनंतर जेवणात खा, तेल जरा हात राखून.

पाणी सहेरीला एकदम तीन-चार ग्लास ढोसलं तर तासाभरात लघवीवाटे निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत घोट घोट, तासाला एक ग्लास. मी तरावीहला (रमजानमधली रात्रीची नमाज) जाणाऱ्यांच्या हातात बाटली देते. टरबूज, काकडी, ताक, हेही पाणीच. सब्जा भिजवून दुधात देते, पोटाला थंड.

इफ्तारचं काय सांगू? भजी, समोसे, पकोडे सगळ्यांना हवेत. तेरा तास रिकाम्या पोटावर पहिला घास तळलेला गेला की छातीत जळजळ ठरलेली. आमच्याकडे आता खजूर, पाणी, एक वाटी फळं (केळी तर घरचीच), भिजवलेले हरभरे. मग मगरिबची नमाज. तळण नमाजनंतर, मोजकं. त्या दहा मिनिटांच्या नमाजेत पोटाला कळतं, की अन्न आलंय, आणि मग माणूस तुटून पडत नाही.

---

भुसावळ ओपीडी | ९ जानेवारी, रात्री १०:००

खापरताईंनी माझं निम्मं काम केलं. शुगरवाल्यांसाठी एवढंच जोडतो: खजूर एक, फार तर दोन. लाल सरबताचे ग्लास नकोत, साधं पाणी किंवा साखर न घातलेलं लिंबूपाणी. केळं अर्धं. इफ्तारला गोड शरबत, खजूर, फळं, जिलेबी एकदम गेली की नऊ वाजता शुगर ३०० ला भिडते. दिवसा खाली आणि रात्री वर, हा झोका कायम चढ्या शुगरइतकाच वाईट.

ओआरएसबद्दल विचारणा येते. उन्हात काम करणाऱ्या धडधाकट माणसाने रात्री एखादं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापात घेतलं तर ठीक. शुगर आणि बीपीवाल्यांनी रोजचं पेय म्हणून घेऊ नये, त्यात साखरही आहे आणि मीठही.

लघवीचा रंग पाहत जा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. रात्री झोपतानाही गर्द असेल तर पुरत नाही. आपल्या भागात मुतखडा काही कमी नाही. ज्यांना आधी झालाय त्यांनी रात्रीच्या पाण्याची हयगय करू नये.

---

यंत्रमाग धुळे | १० जानेवारी, रात्री २:२५

रात्रपाळीवरून लिहितोय. आमच्या खात्यात पत्रे तापलेले असतात, पंखा लावला तर सूत उडतं. रोज्यात मी एका गोष्टीने फार बेजार व्हायचो: डोकं. पहिले चार-पाच रोजे दुपारी असं डोकं धरायचं, की भिंतीवर आपटावंसं वाटे. मला वाटायचं भूक. एका जुन्या कारागिरानं सांगितलं, तुझा चहा मोजून बघ. मोजला तर दिवसाला अकरा कप! रोज्याला सगळा एकदम बंद, म्हणून डोकं.

तेव्हापासून शाबान, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या मध्यापासून चहा उतरवतो. अकराचे सात, सातचे चार, शेवटच्या आठवड्यात सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दोन वर्षं झाली, डोकं दुखलं नाही. तंबाखू-गुटख्याचंही असंच करा. तेरा तास सुटतो तर पुढचे अकरा तास कशाला परत तोंडात टाकायचा? आमच्या लाइनीतल्या चौघांचा कायमचा सुटला, रमजानमध्येच.

---

सुभाषनाना अमळनेर | १० जानेवारी, सकाळी ६:५०

यंत्रमाग भाऊ, अकरा कप? येडा व्हयना का रे भो! पण गोष्ट खरी सांगितली. आमच्याकडे श्रावण सोमवारी माझं डोकं धरतं ते यामुळेच असणार. हे मला ६४ व्या वर्षी कळलं.

---

उपकेंद्र शिरपूर | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

सगळं पुरुषांचंच चाललंय म्हणून लिहिते. मी नर्स आहे.

रमजानमध्ये घरातली बाई सगळ्यात आधी उठते, सगळ्यात शेवटी झोपते. साडेतीनला चूल, पाचला भांडी, मुलांची शाळा, तीनला इफ्तारची तयारी, रात्री तरावीहवरून आलेल्यांचं जेवण. सहेरीत सगळ्यांना वाढून ती उभ्याने दोन घास खाते, तोवर अजान होते. तिचं पाणी तर राहूनच जातं. पंधराव्या रोज्यानंतर माझ्याकडे चक्कर, अंगदुखी, लघवीची जळजळ घेऊन बायकाच येतात. हिमोग्लोबिन पाहावं तर आठ-नऊ. घरातल्या पुरुषांनो, सहेरीची भाकरी रात्रीच करून ठेवली तर काही बिघडत नाही. इफ्तारची फळं तुम्ही कापू शकता. दुपारी जोहरनंतर तिला तासभर पडू द्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सूट आहे, कजा नंतर ठेवता येते. गरोदर बाईला भोवळ, पोटात दुखणं, बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटणं यांपैकी काहीही झालं तर रोजा सोडून थेट दवाखाना. "लोक काय म्हणतील" यासाठी बाळ पणाला लावू नका.

आणि ताई, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात फुकट होते. शाबानमध्येच मायलाही घेऊन जा. बाबांच्या नादात माय राहून जाते, हे मी शंभर घरांत पाहिलंय.

---

मैदान १६०० | १२ जानेवारी, रात्री ९:१५

मी नंदुरबारचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर आणि गोळा. महिनाभर सराव बंद केला तर वेळ वाढते, म्हणून विचारतो, रोज्यात कधी धावायचं? मित्र म्हणतात सहेरीनंतर लगेच, तेव्हा पोटात असतं.

---

भुसावळ ओपीडी | १२ जानेवारी, रात्री ११:००

सहेरीनंतर जोरात धावलात तर घाम सकाळीच जाईल आणि भरपाईला इफ्तारपर्यंत बारा तास. ते नको. जोराचा सराव आणि गोळा इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी किंवा तरावीहनंतर. इफ्तारच्या आधी अर्धा-पाऊण तास हलकं चालणं, ताणाचे व्यायाम चालतील, कारण नंतर लगेच पाणी मिळतं. या महिन्यात वेळ कमी करण्याच्या मागे लागू नका. आहे ती टिकवली तरी पुरे, ईदनंतर आठ-दहा दिवसांत पाय मोकळे होतील. अंडी, डाळ, दूध दोन्ही जेवणांत. झोप तुकड्यांत मिळते, म्हणून दुपारी अर्धा तास पडा.

बाकीच्यांना वेगळा व्यायाम शोधायची गरज नाही. वीस रकात तरावीह म्हणजे उठणं, वाकणं, सजदा, बसणं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर पढावी, अट्टहास नको.

---

सातपुडापायथा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:००

बरेच दिवस लिहिलं नाही. थोडक्यात सांगते. एचबीए१सी ७.४ आली, किडनी चांगली. डॉक्टरांनी ती जोडगोळी बंद करून दुसरी दिली, ती इफ्तारला घ्यायची. महिनाभर बाबा त्यावर आहेत. मध्ये दोन दिवस नफिल (ऐच्छिक) रोजे ठेवून पाहिले, मशीन लावून. सगळ्यात कमी ९२.

मालकांशी मी बोलले. ते म्हणाले, "तुझे बाबा बोलले असते तर मी गेल्या वर्षीच दिलं असतं." वजनकाट्याचं काम मिळालं. कळण्याचं दळण आणलं. माय ठेच्यावरून कुरकुरतेय.

मायची शुगरही तपासली, चांगली आहे. हिमोग्लोबिन मात्र ८.६. गोळ्या सुरू केल्या. नर्सताई, तुम्ही लिहिलं नसतं तर तपासलं नसतं.

---

एरंडोल रोड | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

ताई, मी जानेवारीत इथे जरा तोडून बोललो होतो. गेल्या आठवड्यात अम्मीला घेऊन गेलो. तिला विचारलं, रोज्यात कधी थरथरतं का? म्हणाली, "कधी कधी. तुला कशाला सांगायचं." मशीन घेतलं आहे.

---

सातपुडापायथा | ६ मार्च, रात्री १०:४५

आज सोळावा रोजा होता. पंधरा नीट गेले. दुपारची शुगर ९० ते १२० च्या मध्ये.

आज गाडी उशिरा आली, बाबांना काट्यावर दोनपर्यंत थांबावं लागलं. वर एक मजूर आला नाही म्हणून यांनी चार घड वाहिले. मला संध्याकाळी कळलं. शाळेतून येईपर्यंत पावणेपाच झाले होते. बाबा ओट्यावर बसले होते, मशीन मांडीवर. मी काही बोलायच्या आत त्यांनी ते माझ्याकडे वळवलं. ६६.

इफ्तारला पावणेदोन तास होते. मी घाबरले, आता समजूत घालावी लागणार. पण त्यांनी सदऱ्याच्या खिशातून साखरेची पुडी काढली. ती सोळा दिवस तिथेच आहे, पहिल्या दिवशी त्यांच्या हातानेच बांधलेली. मायला पाणी मागितलं, बिस्मिल्ला म्हणून प्याले. पंधरा मिनिटांनी ९४. मग अर्धी भाकरी दह्यासोबत खाल्ली आणि निजले.

इफ्तारला सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसले. मी पाहत होते त्यांच्याकडे. खजूर सगळ्यांना त्यांनीच वाटला. जेवणानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेले, आजच्या तारखेला पेनाने गोल केला, पानं उलटत डिसेंबर काढला, बराच वेळ बघून एका तारखेला तसाच गोल केला. मग मला म्हणाले, "पोरी, हा शुक्रवार आहे ना?"